खोली

दापोलीला बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने आपापल्या शेतातली माती तपासायची होती. सुमेधने कोरा फॉर्म नंदाखालला घरी पाठवला. आठ दिवसांनी तो भरून आला. सोबत कापडी पिशवीत माती. केळीच्या वाडीत दहा ठिकाणांहून घेतलेली, सावलीत वाळवलेली, चाळलेली.

प्रॅक्टिकलच्या टेबलावर दीपेश फॉर्म मोठ्याने वाचू लागला. "शेतकरी, श्रीपत राऊत. पीक, केळी. खोली..." आणि तो फिस्सकन हसला. "अरे, खोली म्हणजे माती किती खोलवरून काढली ते! तुझ्या बाबांनी राहायची खोली लिहिलीय. दोनशे चार, दुसरा मजला, तुळिंज."

सुमेधही हसला. बाबा तसेच. विचारलं ते खरंखरं लिहिणार.

मग तो हसायचा थांबला. त्यांचं घर नंदाखालला वाडीतच होतं, कौलारू, बैठं. त्याला मजलाच नव्हता.

त्याने फॉर्म ओढून घेतला. मागच्या बाजूला बाबांनी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "माती जपून वापर. संपली तर आता आनू कुठून?"