पदराचा धागा

“काकू, पदराचा एक धागा काढू का?” सुमेधाने विचारलं, आणि तिच्या आईने डोळे मिटून घेतले.

वाशीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मुलगी बघायचा कार्यक्रम चालला होता. मुलगा नंदकिशोर बँकेत होता. दिसायला चांगला, पण लाजरा. पोह्यांच्या बशीत डोकं घालून बसला होता. बोलत होत्या त्या त्याच्या आई, राजलक्ष्मीबाई.

स्वयंपाक येतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. सुमेधा टेक्स्टाइल इंजिनिअर, लालबागच्या एका गिरणीत विणकाम खात्यातली एकटी बाई. माग अडला तर आधी काय बघतेस, कामगार ऐकतात का, असलेच प्रश्न. शेवटी त्या म्हणाल्या, “ही माझी साडी अस्सल रेशमाची आहे. कशावरून ओळखशील?”

सुमेधाने धागा काढून काडी लावली.

“रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटाने चुरगळते. हे बघा, वितळून गोळी झाली. पॉलिस्टर आहे, काकू. दुकानदाराने फसवलं तुम्हाला.”

नंदकिशोर खुदकन हसला. राजलक्ष्मीबाई हसल्या नाहीत.

“गिरणी बंद पडणार म्हणे. मग?”

“दुसरीकडे बघेन. पण लग्न झालं तरी काम सोडणार नाही. एवढं शिकलेय, ते वाया घालवायचं नाही.”

“बरं. कळवतो,” म्हणून बाई उठल्या.

नंदकिशोर दारात घुटमळला. “माझा शर्ट तपासायचा राहिला,” तो हळूच म्हणाला.

“चांगला दिसतोय. उगाच कशाला जाळायचा?” सुमेधा म्हणाली. दोघंही हसले.

पाहुणे गेल्यावर वडील, सितारामभाऊ, खुर्चीत बसले. “अगं, पाहुणीच्या पदराला काडी लावतं का कोणी?”

“पदराला नाही, बाबा. धाग्याला.”

बोलून गेली खरी, पण मुलगा तिला आवडला होता. आठवडाभर फोन वाजला की तीच आधी धावायची.

रविवारी राजलक्ष्मीबाई आल्या, एकट्याच. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी सरळ सांगितलं, “भाऊ, हे स्थळ जमायचं नाही. नंदूचा होकार आहे. नकार माझा.”

सितारामभाऊंनी मान खाली घातली. सुमेधाने विचारलं, “साडीचं मनाला लागलं का, काकू?”

“छे गं. कापड शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली, मला कोण फसवणार? खारघरच्या नव्या कॉलेजात टेक्स्टाइलचा विभाग मी सुरू करतेय. तिथे शिकवायला तू हवीस. घरची सून नेमली तर लोक मला नावं नाही ठेवणार?” राजलक्ष्मीबाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. “नंदू रुसलाय. रुसू दे. त्याला बायको दुसरी मिळेल, मला तुझ्यासारखी मास्तरीण मिळायची नाही.”