बाजूच्या ब्लॉकला नोटीस

“घर एकदम झकास आहे हो काका,” दिशा नाकाला ओढणी लावत म्हणाली, “पण बाजूचं काय?”

बाजूचं म्हणजे देवदत्तचा ब्लॉक. सहा वर्षं कुलूप. मालक बंगळूरला आणि ब्लॉक कबुतरांच्या ताब्यात. फुटक्या खिडकीतून सुटलेला वास थेट श्यामकांतांच्या दारात. आधीची सात गिऱ्हाइकं जिन्यातूनच पळाली होती. ही दिशा आणि तिचा नवरा प्रीतम निदान चहा तरी प्यायले.

“बाजूचं साफ झालं ना, की लगेच घेऊ,” निघताना प्रीतम म्हणाला. “मुलुंडमध्ये असा उजेड कुठे मिळतोय!”

श्यामकांतांना तेवढं पुरलं. चौथा मजला, लिफ्ट नाही आणि बायकोचे, क्षमाताईंचे, गुडघे कामातून गेलेले. तीन महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. भांडुपला तळमजल्यावरचं घर दोघांनाही पसंत होतं, पण तिथला मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. क्षमाताईंनी तर पडद्यांची मापंसुद्धा मागवून घेतली होती!

तिसऱ्या मजल्यावरची ऋता वकील. श्यामकांतांनी संध्याकाळीच तिला गाठलं.

“काका, दावा लावलात तर वर्षं जातील,” ती म्हणाली. “आधी सोसायटीचं पत्र, वॉर्ड ऑफिसात तक्रार आणि माझी नोटीस. बहुतेक मालक एवढ्यानेच हलतात.”

“नुसता हलून काय उपयोग? हादरला पाहिजे! लिही तू, सांभाळता येत नसेल तर विकून टाक म्हणावं!”

“अहो, हा कायदा नाही, हा राग झाला.”

“असू दे. लिहीच.”

ऋताने हसत हसत लिहिलं.

आणि काय सांगावं! पालिकेचा माणूस पाहणी करून गेला, सोसायटीने कधी नव्हे ते चार दिवसांत पत्र धाडलं आणि नोटीस पोचली तसा देवदत्त बॅग घेऊन दारात हजर. मान खाली.

“चुकलंच काका. एवढं झालं असेल असं खरंच वाटलं नव्हतं.”

पण पठ्ठ्याने नंतर कसर ठेवली नाही. कबुतरांसाठी जाळ्या, नव्या काचा, नव्या टाइल्स, वर रंग. श्यामकांत दिवसभर मुकादमासारखे उभे. कामगारांना चहा यांच्याकडून. दोन आठवड्यांत ब्लॉक ओळखू येईना.

“आता कळवा ना त्या पोरांना!” क्षमाताईंना धीर निघेना.

प्रीतम आणि दिशा आले, तेव्हा श्यामकांतांनी त्यांना आधी बाजूलाच नेलं. स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत सगळं फिरवून दाखवलं.

“घ्या वास! येतोय कुठे? आणि हे मालक. पुन्हा असं होणार नाही ना, ते यांनाच विचारा. एकमेकांचे नंबरही घेऊन ठेवा.”

त्यांनी नंबर घेतले. “कळवतो काका,” म्हणाले आणि गेले.

मग आठ दिवस काहीच नाही. श्यामकांतांचा फोन हातातून सुटेना. महिना संपायला दोन दिवस उरले, आणि रविवारी सकाळी बेल वाजली. दारात दोघं, हातात पेढ्यांचा बॉक्स!

क्षमाताई गुडघे विसरून उठल्या.

“काय रे, फायनल?” श्यामकांतांनी दारातच विचारलं.

“एकदम फायनल, काका!”

“अहो, भांडुपला फोन लावा आधी!” क्षमाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

श्यामकांतांनी नंबर लावलासुद्धा. दिशाने वाकून क्षमाताईंना नमस्कार केला आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

“नवा रंग, नव्या टाइल्स, आम्हाला काही करायलाच नको. देवदत्तदादांनी काल टोकनपण घेतलं. आता आपण शेजारी, काकू!”