विचारून गेलेली वाट

"तुम्ही कधी परवानगी मागितली होती का?" कौन्सिलच्या वकिलाने विचारलं.

डोरीन ट्रॅस्कॉटने मांडीवरची पर्स सरळ केली. मागच्या खुर्चीवरून शेजारी बर्ट हिग्ज पुटपुटला, "नाही म्हण. आयुष्यात एकदा खोटं बोल बाई."

वाट साधीच होती. वस्तीच्या मागून निघायची आणि म्हाताऱ्या पेनफोल्डच्या कुरणातून थेट कॅथीड्रलच्या मागच्या वृद्धाश्रमाशी पोचायची. दहा मिनिटं. तिथे डोरीनचा नवरा रेग अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. दुपारचा घास तो तिच्याच हातून घ्यायचा, आणि अकरा वर्षांत तिचा तो नेम कधी चुकला नव्हता. मग पेनफोल्ड वारला. कुरण एका बांधकाम कंपनीने घेतलं आणि फाटकाला कुलूप लागलं. आता दोन बस बदलून सव्वा तास. मागच्या गुरुवारी ती पोचली तेव्हा रेग उपाशीच झोपला होता. ताट तसंच झाकलेलं.

वाट परत मिळावी म्हणून वस्तीने कौन्सिलकडे दावा केला होता, आणि कायदा त्यांच्या बाजूचा वाटत होता. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने उघडपणे, कुणाला न विचारता गेले, की ती वाट सगळ्यांची होते. वस्तीतल्या एक्केचाळीस जणांनी लिहून दिलं होतं, आम्ही तीस वर्षं जातोय. कौन्सिलचे सभासद माना डोलवत होते.

वकिलाने डोरीनचा कागद वर धरला. "इथे लिहिलंय, मिस्टर पेनफोल्ड फार भले होते. म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे, गेली तीस वर्षं दर नव्या वर्षी मी संत्र्याच्या मुरंब्याची बरणी घेऊन त्यांच्या दारात जायचे. म्हणायचे, यंदाही आम्ही सगळ्यांनी तुमच्या कुरणातून गेलं तर चालेल ना? ते म्हणायचे, चालेल की हो, विचारता काय दरवर्षी."

"आम्ही सगळ्यांनी?"

"हो. एकटीपुरतं विचारणं बरं दिसत नाही."

बर्टने कपाळाला हात लावला.

वकिलाने कागद खाली ठेवला. विचारून गेलं की तो हक्क राहत नाही, तो म्हणाला, ती मालकाची मेहेरबानी होते. आणि मेहेरबानी मालकाबरोबर संपते. मतं घेतली गेली. दावा फेटाळायला चार मिनिटं लागली.

"म्हणजे शिव्या देत, कुंपणं तुडवत गेलो असतो, तर वाट आमची झाली असती?" बर्टने विचारलं.

"शिव्यांची गरज नव्हती," वकील म्हणाला. "नुसतं न विचारणं पुरे होतं."

खोलीत कुणीतरी हसलं. डोरीनला ते हसू कानशिलावर बसल्यासारखं झालं. दार वाजवल्याशिवाय आत जाऊ नये, दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवताना विचारावं, हे तिला आईने शिकवलं होतं आणि तिने मुलांना शिकवलं होतं. आज त्याच शिकवणीने सगळ्या वस्तीची वाट बंद केली होती.

बाहेर कंपनीचा माणूस सेलवूड उभा होता. तो अगदी मऊ आवाजात बोलला.

"मिसेस ट्रॅस्कॉट, आम्ही काही राक्षस नाही. रोज सकाळी ऑफिसात फोन करा, नुसतं विचारा. माणूस येऊन कुलूप काढेल. तुमच्यासारख्या सभ्य बाईला नाही कोण म्हणणार?"

त्याने कार्ड पुढे केलं. तिने ते घेतलं. एक फोन, आणि उद्या रेगचं जेवण वेळेवर. ती कार्डाकडे बघत राहिली. बर्टचीही बहीण त्याच आश्रमात होती, आणि कार्ड एकच होतं.

डोरीनने कार्ड सेलवूडच्या हातात परत ठेवलं. थँक यू म्हणाली नाही. ती दार न वाजवता पुन्हा आत गेली. सभासद कोट चढवत होते. ती वकिलाच्या टेबलासमोर उभी राहिली. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"उद्या बाराला मी त्या फाटकावरून चढून पलीकडे जाणार आहे, कुणालाही न विचारता. वय शहात्तर. वीस वर्षांतला पहिला दिवस म्हणून लिहून घ्या."