दुसरी वाटी

चमचा ओठांपाशी आला तसा चष्मेवाल्याने श्वास रोखला, डोळे मिटले आणि दही एकदम गिळून टाकलं. टेबलाखाली त्याच्या पायांची बोटं बुटातल्या बुटात आवळली गेली.

समोर दह्याच्या दुकानाचे मालक बसले होते, म्हणजे त्याच्या होऊ घातलेल्या बायकोचे वडील. ती खरंच बायको होणार की नाही, ते आता टेबलावरच्या या दोन वाट्या ठरवणार होत्या. लेकीचं लग्न ज्याच्याशी होईल त्याने पुढे दुकानातलं दही चाखायचं, ही मालकांची अट होती. रोज सकाळी लेकीने विरजलेल्या प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर दही मालक तोंडात घेत, डोळे मिटत, श्वास रोखत आणि "चालेल" म्हणत. त्यानंतरच पातेलं विक्रीला जाई. मालक खिशातून खोकल्याची गोळी काढून तोंडात टाकत आणि पुढच्या पातेल्याकडे वळत. हा सोहळा बघायला गिऱ्हाइकं दारात उभी राहत. काय तल्लीन होतो माणूस, असं म्हणत. घरी मात्र मालक दह्याला शिवत नसत. दिवसभर तेच तर करतात, बिचारे कंटाळत असतील, असं मालकीणबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत.

आता चष्मेवाल्याचं म्हणाल, तर हा गडी करपलेला पाव खाईल, कच्चा कांदा खाईल, शिळा भात तर आवडीने खाईल. फक्त दही नाही. शेजारच्या टेबलावर दह्याची वाटी आली तरी हा आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी जायचा. आणि प्रेमात पडला तो नेमका दहीवाल्याच्या मुलीच्या! ती त्याच्या चष्म्याच्या दुकानात काडी बदलायला आली होती. काडी बदलून झाली तरी ती रोज येत राहिली, आणि तो रोज तोच एक स्क्रू घट्ट करत राहिला.

"सोपं आहे रे," तिने त्याला कालच बजावलं होतं. "बाबांसारखं करायचं. डोळे मिटायचे, श्वास रोखायचा, 'चालेल' म्हणायचं. उगाच अहाहा करत बसू नकोस. मागे एक बेकरीवाला आला होता मला मागणी घालायला. वाटी चाटूनपुसून खाल्ली, वर आणखी मागितलं. बाबांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. म्हणे, याला जीभच नाही."

"मग तूच का नाही चाखत?"

"मला बाबा चमच्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. म्हणतात, तुला काय, सगळंच आवडतं."

"हं, कसं आहे?" मालकांनी आता टेबलापलीकडून विचारलं.

"चालेल," चष्मेवाला कसाबसा म्हणाला आणि त्याने घाईघाईने पाण्याचा पेला जवळ ओढला. मालक त्या पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि दुसरी वाटी पुढे सरकवली.

"आता ही घ्या."

"हे तर फक्कड झालंय!" लेक मागून म्हणाली. तिला राहवत नव्हतं. "मी मघाशी वाटीभर खाल्लं."

चष्मेवाल्याने चमचा उचलला. श्वास रोखला. डोळे मिटले. दही जिभेला लागलं मात्र, त्याने खुर्ची पाडली, टेबलाला धडकला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून थेट नळ गाठला. आतून बराच वेळ चुळा भरल्याचा आवाज येत होता. लेकीने कपाळावर हात मारून घेतला. सगळं मुसळ केरात गेलं होतं.

तो परत आला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मला दही आवडत नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून. वाससुद्धा सहन होत नाही. पहिलं कसंबसं गिळलं, पण हे गिळवेना. मी नाटक केलं, चुकलो. पण तुमची मुलगी मला फार आवडते हो! तिच्यासाठी केलं सगळं."

मालकांनी ती दुसरी वाटी ओढून घेतली. चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, श्वास रोखला. पुढच्याच क्षणी त्यांची खुर्ची पडली आणि तेही नळाकडे धावले.

"विरजण बिघडलंय!" ते तिथूनच ओरडले. "अख्खं पातेलं ओतून द्या!"

"अहो बाबा, पण मी तर वाटीभर..."

"तू खाल्लंस गं! तू खाणारच! तुला दही आवडतं ना, तुला काय कळणार ते बिघडलेलं?" मालक तोंड पुसत बाहेर आले. ते हसत होते. इतके मोकळे हसताना त्यांना दुकानात कुणी पाहिलं नव्हतं. चष्मेवाला मात्र भिंतीला चिकटून उभा राहिला, आता आपली धडगत नाही असं त्याला वाटत होतं. मालकांनी त्याचा हात धरला, खिशातली गोळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"धर रे. गिळल्या गिळल्या तोंडात टाकायची, म्हणजे चव जाते. मी सगळा जन्म याच्यावरच काढला. दहीवाल्याने दही आवडत नाही म्हणून सांगायचं तरी कुणाला? तुझ्यासारखा जावई शोधता शोधता दमलो बाबा!"

लेक किंचाळून चष्मेवाल्याच्या गळ्यात पडली. तो गोळी चघळत, रडत आणि हसत होता. गोंधळ ऐकून दारात आलेल्या मालकीणबाई मात्र कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत होत्या.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी बरणी भरभरून खोकल्याच्या गोळ्या आणतेय, आणि मनात म्हणतेय, या माणसाचा खोकला कधी ऐकू कसा येत नाही!"