तेहतीस हजार बारा

३२७६५.
३२७६६.
३२७६७.

इथं यादी संपली. प्रिंटर गप्प.

सूतवाटप ऑफिसच्या खिडकीपलीकडे रुख्माबाई उभी होती. हातात विणकर कार्ड. कार्डावर नंबर : ३३०१२.

“माह्यं नाव कधी येते, बाई?”

“झाली यादी, मावशी,” सत्यवती म्हणाली.

“झाली? मंग मी काहून नाही आली?”

सत्यवतीला कळलं होतं काहून ते. प्रोग्रॅम तिचाच होता. एक अक्षर न बदलता तो मुंबईच्या ऑफिसात नव्या मशीनच्या भाषेत पुन्हा कंपाइल झाला, एकही चूक निघाली नाही, आणि फ्लॉपीवरून नागपूरला आला. जुन्या मशीनचा प्रोसेसर एका आकड्याला चोवीस बिटांची जागा द्यायचा. नवा सोळाच देतो. तेवढ्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्ट मावतात. त्यापुढचा आकडा उलटून शून्याच्या खाली जातो. रुख्माबाई नव्या मशीनला उणे बत्तीस हजार पाचशे चोवीस दिसत होती. आणि शून्याखालचा नंबर म्हणजे चुकीची नोंद, ती गाळायची, हे सत्यवतीनंच लिहून ठेवलं होतं.

चंपतराव साहेब मागं येऊन उभे राहिले.

“एकच ओळ बदलायची आहे, सर. नंबराला दुप्पट जागा द्यायची.”

“मग बदला न.”

“कंपायलर मुंबईला आहे. इथं नुसतं चालवता येतं. फ्लॉपी जाऊन यायला बारा दिवस.”

“वाटप उद्या आहे, म्याडम.”

“राहिलेली नावं हातानं लिहून देते.”

“हातच्या यादीवर गोदामवाला सूत सोडत नाही. तो घोटाळा बंद करायलेच तर मशीन आणली.”

खिडकीतून रुख्माबाई सगळं ऐकत होती.

“लय हुशार मशीन आणली म्हने. माह्या नातीलेबी तेहतीस हजार मोजता येते.” मग आवाज उतरला. “जुनीनं दोनदा सूत देलं मले. तिलेच विचारा न.”

“ती भंगारात गेली, मावशी.”

“मागावर ताणा चढवून आली मी. आता बाण्याले सूत नाही. दोन महिने काय रिकामा माग हालवू?”

चंपतराव घड्याळ पाहून आत गेले.

“बरं, असं करा,” रुख्माबाई खिडकीच्या गजांना खेटली. “आमच्या घरच्यायचा नंबर लहान होता. आठ हजार एकशे चौदा. मावते का हिच्यात?”

“मावतो.”

“मंग तोच टाका. नाव त्यायचं राहू द्या. माग तर तोच हाये न?”

हे व्हायचं नाही, हे ठाऊक असूनही सत्यवतीनं आकडे दाबले. आठ. एक. एक. चार.

मशीन अडखळली नाही. हिरव्या अक्षरांत ओळ उमटली : धोंडबा, नंदनवन वस्ती, माग एक. आणि शेवटच्या रकान्यात इंग्रजी डी.

डी म्हणजे मयत. ती ओळ यादीत जात नाही. दिवाळीत रुख्माबाईच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला पाहून डी सत्यवतीनंच टाकला होता. कार्ड स्वतःच्या नावावर करून घ्या मावशी, नवा नंबर घ्या, म्हणून मागंही तीच लागली होती.

“सापडले का?”

“सापडले.”

“कुठी? पाहू द्या मले.”

सत्यवतीनं मशीनचा जड पडदा दोन्ही हातांनी खिडकीकडे वळवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. रुख्माबाईला वाचता येत नव्हतं. ती बोटाच्या टोकाकडे पाहत राहिली.

मग तिनं पदर डोक्यावरून घेतला, आणि नजर खाली केली.