बहिणीसाठी खारीक

“सॉफ्ट नको. ड्राय हवेत, हार्ड. अगदी दगडासारखे,” मुलगी काउंटरवरच्या बाईला इंग्रजीत समजावत होती आणि ती बाई तिच्यापुढे एकामागून एक मऊ, चकचकीत खजुराच्या पेट्या मांडत होती.

“खारीक हवीय का तुला?” मागून पद्मजाकाकूंनी मराठीत विचारलं.

मुलगी दचकून वळली. असेल चोवीस-पंचवीसची. कानांवरून रुमाल बांधलेला, अंगात ढगळ जॅकेट. कॅलिफोर्नियाच्या त्या वाळवंटात नोव्हेंबरातही घाम येत होता, पण हल्लीच्या मुलींच्या फॅशनमध्ये काकू नाक खुपसत नसत.

“हो. बहिणीसाठी,” ती म्हणाली. “डिंकाचे लाडू करायचेत.”

काकूंना एकदम हुरूप आला. अमेरिकेत आल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या विषयातलं बोललं होतं. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या डिंक, अळीव, खसखस असं सगळं घेऊन पुण्याहून सॅन डिएगोला आल्या होत्या. सून नैना इथेच वाढलेली, स्वभावानं गोड. तिनं एका लाडवातल्या कॅलरी मोजल्या आणि डबा फ्रीझरमध्ये गेला तो गेलाच. नातवाला घ्यायचं तेही फ्रिजवर चिकटवलेल्या टाइमटेबलप्रमाणे. घरात काकूंना कुणी वावगं बोलत नव्हतं. त्यांची कुणाला गरजच नव्हती, आणि तेच त्यांच्या मनाला लागलं होतं. परवा त्यांचं परतीचं विमान होतं. जाण्याआधी आईला काहीतरी दाखवावं म्हणून राजेशनं त्यांना या जुन्या खजुराच्या बागेत आणलं होतं. तो स्वतः मात्र ऑफिसचा फोन कानाला लावून पार्किंगमध्ये उभा होता.

काकूंनी वरच्या फळीवरची एक कडक, कोरडी जात काढायला लावली आणि एक दाताखाली धरून पाहिली. “ही कुटता येईल. घे.”

मुलीचं नाव यामिनी. नागपूरची, रिव्हरसाइडला मास्टर्स करत होती.

बाग दाखवायला म्हातारा गाइड निघाला तेव्हा काकूंनी तिला सोबत ओढलंच. दोन्ही बाजूंना उंचच उंच झाडं, प्रत्येकाभोवती आळं आणि आळ्यांत पाटाचं पाणी. गाइड सांगत होता, शंभर वर्षांपूर्वी अल्जीरियाहून रोपं आणली. ही झाडं बी पेरून करत नाहीत. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी फुटवे येतात, त्यांना मुळं धरली की ते तोडून दुसरीकडे लावायचे. केळीच्या मुनव्यांसारखंच की, काकू मनात म्हणाल्या.

“मग त्या मोठ्या झाडाला काय करता?” यामिनीनं गाइडला विचारलं.

“त्याला? काही नाही,” तो म्हणाला आणि पुढे गेला.

“बहिणीला काय झालं, मुलगा की मुलगी?” काकूंनी विचारलं.

“मुलगी. तीन वीक्स झाले.”

“नाव ठेवलं?”

“क्लेअर.”

“अगं बाई! जावई इकडचा वाटतं?”

यामिनी थोडंसं हसली. “खूप मोठं घर आहे त्यांचं. बेबीची रूम आधीच रेडी ठेवली होती. पाळणा, कपडे, सगळं.”

“मग आई नाही आली नागपूरहून?”

“आईला माहीतच नाही, काकू. आमच्या कॉलनीत कुणीही बाळंत झालं की लाडू आईच्याच हातचे. पण तिला प्रमाण विचारलं, तर ती विचारणार, कुणासाठी? ऑर्कुटवर विचारलं तर प्रत्येकीचं वेगळंच. मी एकदा ट्राय केलं, सगळा डिंक जळला.”

न पाहिलेल्या त्या बहिणीची काकूंना फार दया आली. लग्न मनाविरुद्ध केलं म्हणून बाळंतिणीच्या तोंडात लाडूसुद्धा पडू नये? त्यांनी चालता चालता सगळं सांगितलं. डिंक मंद आचेवर तुपात थोडा थोडा फुलवायचा, नाहीतर आत कच्चा राहतो. गुळाचा पाक फार पुढे जाऊ द्यायचा नाही. सकाळी उपाशीपोटी एक लाडू आणि वर कोमट दूध. यामिनी मान हलवत होती, अडलं की पुन्हा विचारत होती.

मागे कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं. यामिनीनं जॅकेट छातीशी ओढून घेतलं, हातांची घडी घातली आणि झाडांकडे तोंड केलं. बाळ गप्प होईपर्यंत ती वळली नाही.

फेरी संपल्यावर काकूंनी तिला खजुराचा मिल्कशेक देऊ केला.

“नको काकू, थंड नको.”

“बरं. बहीण अंगावर पाजते ना?”

“नाही. बाळ बाटलीवर आहे.”

“का गं? दूध येत नाही?”

“येतं,” यामिनी म्हणाली. “खूप येतं, काकू. थांबतच नाही.”

काकूंनी हातातला ग्लास बाकाच्या कडेला ठेवला. त्यांची नजर यामिनीच्या कानांवरच्या रुमालावरून छातीशी ओढलेल्या जॅकेटवर गेली.

इतक्यात राजेश आला. “आई, निघूया. मग ट्रॅफिक लागेल.”

“मला रिव्हरसाइडला सोड, हिच्याकडे. आणि माझं विमान पुढे ढकल.”

“काय? तिकीट बदलू? का?”

“लाडू करायचेत.”

“हिच्या बहिणीसाठी? आई, आपण त्यांना ओळखतो तरी का?”

काकूंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी यामिनीच्या हातातली जड पिशवी काढून राजेशकडे दिली, पदरानं बाकावरची धूळ झटकली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“तू बस बघू आधी. बाळंतिणीनं इतका वेळ उभं राहू नये.”