केस जोडून द्या

“ह्याला केस म्हणायचं का?” रेणुकानं मुठीतला पुंजका काउंटरवर आपटला. “झाडूला बांध तुझ्या.”

भोकरदनच्या बसस्टँडमागचं, माडीवरचं ते छोटंसं पार्लर. फेशियलला बसलेल्या दोघींनी डोळ्यांवरच्या काकड्या काढल्या आणि तमाशा बघायला लागल्या. मोनालीनं दात आवळले. शिलाई मशीन विकून, घरच्यांची बोलणी खाऊन तिनं हे पार्लर उभं केलं होतं, आणि ही बाई भर गिऱ्हाइकात तिची अब्रू काढत होती.

रेणुकाच्या मागं तिची लेक अंजू आणि अंजूची आत्या वच्छलाबाई उभ्या होत्या. जाफराबादचं स्थळ आत्यानंच आणलेलं. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईनं अंजूची वेणी स्वतःच्या हातानं सोडून पाहिली होती, आत गंगावन तर नाही ना म्हणून. कमरेखाली रुळणारे खरे केस पाहिले आणि बाईनं तिथल्या तिथं होकार दिला. मग मुलाच्या बहिणीला हौस आली, कुंकवाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, फोटोत वहिनीचे केस सरळ दिसायला हवेत. म्हणून तिघी मोनालीकडं येऊन अंजूचं स्मूदनिंग करून गेल्या. त्यानंतर कंगवा लावला की केस मधूनच तुटून हातात यायला लागले. आणि कुंकू आता रविवारी होतं.

“त्या बाईनं केसांवरून पोरगी पसंत केली,” वच्छलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “रविवारी तिनं परत वेणी सोडली तर उठून जाईल. हिचा बाप आबाराव म्हणला, अक्का, तू म्हणशील ते. भावानं सगळं माझ्यावर सोडलं. पोरीचं जालन्याचं नर्सिंगबी बंद करायचं कबूल केलं आम्ही, त्यांच्यात सून नोकरी करत न्हाई म्हणून. एवढं करून केसांपायी मोडायचं का?”

अंजू आरशात बघत होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

“स्मूदनिंगच्या आधी मी विचारलं होतं,” मोनाली म्हणाली. “केसांना काळी मेंदी लावलीय का म्हणून.”

“आन् मी न्हाई म्हणले होते. आताबी न्हाईच म्हणते,” रेणुका कडाडली. “तिच्या डोक्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत न्हाई. लहानपणापासून मीच तेल घालून राह्यले. तुझी चूक झाकायला आमच्या घरात शिरू नको.”

मोनालीनं अंजूच्या केसांची एक बारीक बट कापली आणि वाटीतल्या पांढऱ्या केमिकलमध्ये बुडवली. थोड्याच वेळात वाटी कोमट झाली, मग चांगलीच गरम झाली. बाजारातल्या काही स्वस्त काळ्या मेंदीत धातूचा क्षार असतो. त्यावर पार्लरचं केमिकल पडलं की केस आतून जळतो, आणि पुन्हा केमिकलमध्ये बुडवला की असा तापतो.

“हात लावून बघा,” तिनं वाटी पुढं केली.

रेणुकानं हात मागं घेतला. “वाट्या गरम करून काय दाखवतीस? केस जोडून दे.”

धडधडीत खोटं बोलून राह्यली ही बाई, मोनालीच्या मनात आलं, आणि राग तिच्या मस्तकात गेला. तिला दंडाला धरून जिना उतरवून द्यावं असं वाटलं. पण काकड्यावाल्या दोघी कान टवकारून बसल्या होत्या. लग्न मोडलं तर मोनालीच्या पार्लरमुळं मोडलं, असंच गावभर होणार होतं. तिनं राग गिळला आणि फळीवरून तीन बाटल्या काढल्या.

“केसाच्या आत बारीक जोड असतात. ते तुटलेत. ही पहिली बाटली ते जोड धरते. आज लावली तर रविवारपर्यंत केस बराबर कंगवा सोसतील. दुसरी घरी लावायची, पण तिला महिने लागतील.”

“आन् ही?” रेणुकानं तिसरी उचलली.

“ती प्रोटीनची. वरून चमक येते, पण जळलेले केस कडक होऊन आणखी तुटतात. ती तुमच्या कामाची नाही.”

“मंग समोर कशाला मांडलीस? पोरगी टकली करायची का माझी?” रेणुकानं बाटली ठणकन ठेवली. “पहिली लाव. भारीतली. खर्चा किती का व्हईना.”

“बिलकुल पहिलीच,” वच्छलाबाई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जाफराबादच्या विहीणबाईंचाच होता. आवाजात साखर आणत त्या बोलत बोलत बाहेर जिन्यात गेल्या.

मोनालीनं अंजूला आत बेसिनपाशी नेऊन मान मागं टेकवायला लावली. केस ओले करून ती पहिल्या बाटलीचं झाकण फिरवू लागली, तर मागून रेणुका आली. आता आणखी काय ऐकवणार ही? या वेळी सोडायची नाही, असं ठरवून मोनाली वळली.

रेणुकानं मागचा पडदा ओढून घेतला. मोनालीच्या हातातली बाटली काढून तिनं बाजूला ठेवली आणि पदराआड लपवून आणलेली तिसरी बाटली तिच्या हातात दिली. पडद्याच्या फटीतून तिनं एकदा जिन्याकडं पाहिलं.

“ताई, ही तिसरी लाव, केस तोडणारी,” ती अगदी हळू म्हणाली, “आन् आत्याला सांग, पहिलीच लावली म्हणून.”